सतरा विरुद्ध एक

परवा आमच्या अपार्टमेंटच्या महिला ग्रुपवर संक्रांतीच्या कार्यक्रमाचा निरोप आला. "आपल्या परंपरेप्रमाणे यंदाही सर्व महिलांसाठी तिळगूळ समारंभ." 'सर्व' ठळक अक्षरांत. खाली पतंग, लाडू, हात जोडलेली चित्रं. मी चष्मा लावून निरोप पुन्हा वाचला आणि 'परंपरेप्रमाणे'पाशी हसू आलं. यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, आपल्याकडे परंपरा व्हायला सात वर्षं पुरतात."

कारण त्याआधी ओळीनं चार वर्षं आम्हीच हे हात वर करून पाडलं होतं. त्या हातांत माझाही होता, आणि तो वर करताना माझ्या घरात, दोन मजले खाली, माझ्या विधवा सासूबाई टीव्हीसमोर बसलेल्या असायच्या.

मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. चोवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. म्हणजे बहुमत माणसाचं काय करतं हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून, प्रश्न काढून, पेपर तपासून गुण देत होते. म्हणून हे लिहिताना जरा जास्तच लाज वाटते.

आमच्याकडे पद्धत अशी. डिसेंबरच्या शेवटी गच्चीवर बायकांची बैठक. हळदीकुंकू कोणत्या दिवशी, वर्गणी किती, वाण काय लुटायचं. वाण आणायला दोघी-तिघी गणपती पेठेत जायच्या, डझनाच्या भावात. बाकी सगळं दहा मिनिटांत ठरायचं. वाणावर मात्र तासभर. चहाची गाळणी की डबी, स्टील की प्लास्टिक.

२०१३च्या संक्रांतीआधीच्या बैठकीत दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पहिल्यांदा बोलल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आमच्याकडे राहायला येऊन दोन-अडीच वर्षं झालेली. सगळं ठरलं, चटया गुंडाळायच्या, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मला एक सुचवायचंय. यंदा बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायकांना बोलवू या. आपण तीळगूळ देतोय, तो सगळ्यांनाच गोड लागतो की."

एवढंच. 'विधवा' हा शब्द त्यांनी उच्चारलाही नाही. पण तो सगळ्यांना ऐकू आला. बिल्डिंगमध्ये तेव्हा अशा चौघी होत्या. माझ्या सासूबाई, तळमजल्यावरच्या आजी, आणखी एक मावशी आणि एक माझ्यापेक्षाही लहान, बत्तिशीची.

थोडी शांतता. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो बाई, कल्पना चांगली आहे, पण आमच्या सासूबाईंना चालायचं नाही." दुसरी म्हणाली, "आमच्या गावाकडचे लोक येतात त्या दिवशी." तिसरी म्हणाली, "त्यांनाच संकोच वाटेल." स्वतःला चालत नाही असं एकीनंही म्हटलं नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, हात वर करा. नेहमीप्रमाणे ज्यांना हवं त्यांनी. सतरा विरुद्ध एक.

त्या वेळी मला काय वाटलं? खरं सांगायचं तर बाईंचा राग आला. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. आमच्या घरचा विषय, तो गच्चीवर आणायचा अधिकार हिला कुणी दिला? शिवाय सतरा जणींकडे बघून हेही वाटलं की एवढ्या सगळ्या काही वेड्या नाहीत. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथं तर सतरामुखी होता.

खाली आले तर सासूबाईंनी विचारलं, "काय ठरलं गं वाण?" म्हटलं, "गाळणी." त्या म्हणाल्या, "जाळी बघून आणा. मागच्यातनं चोथा यायचा."

आता वर्गातलं सांगते. अकरावीला मी दर वर्षी सॉलोमन अॅशचा प्रयोग शिकवायचे. अॅश हा मूळचा वॉर्साचा ज्यू मुलगा, १९२० साली घरच्यांबरोबर अमेरिकेत गेला. लहानपणची एक आठवण तो सांगायचा. सणाच्या रात्री जेवणाच्या टेबलावर मद्याचा एक जादा पेला भरून ठेवतात, तो प्रेषित एलियासाठी. पोरानं विचारलं, तो खरंच येऊन पितो? काका म्हणाला, नीट बघत राहा. आणि पोराला खरंच वाटलं की पेल्यातली पातळी कणभर खाली गेली. हे वाचल्यापासून मला अॅश घरातला वाटतो. आपल्याकडेही नैवेद्याच्या ताटाकडे असं टक लावून कोण बसलेलं नाही?

पुढे १९५०च्या सुमाराला त्यानं प्रयोग केले ते साधे, पोरखेळच म्हणा. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, ते मोठ्यानं सांगायचं. खोलीत सात-आठ जण. त्यातला एकच खराखुरा, बाकीचे अॅशनं आधी पढवलेले. अठरा फेऱ्यांपैकी बारा वेळा ते सगळे एकजात एकच चूक उत्तर देणार. एकटं बसवलं तर माणूस शंभरात एखादीही चूक करत नाही, इतकं ते उघड. पण सगळ्यांची चूक उत्तरं ऐकून झाल्यावर सुमारे ३७ टक्के उत्तरं चुकीची आली. चारातले तिघे निदान एकदा तरी बहुमताबरोबर वाहून गेले. चारातला एक मात्र एकदाही हलला नाही. मुलांना मी हा चौथा माणूस नेहमी ठासून सांगायचे, कारण बहुतेक गाइडांत तो नसतो.

आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिकाची साधनं म्हणजे एक स्टॉपवॉच आणि आरशात बघून चांदणी गिरवायचं एक यंत्र. रेघांना मात्र कार्डशीट आणि स्केचपेन पुरतं. म्हणून मी हा प्रयोग वर्गातच करायचे. आठ मुलांना आधी पढवायचं आणि एखाद्याला ऑफिसात हजेरीपट आणायला पाठवायचं. एका वर्षी असाच एक मुलगा परत आला. मिरजेच्या बाजूच्या खेड्यातला, गणितात पक्का. पहिल्या दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या फेरीला आठही जण "ब" म्हणाले. उत्तर ढळढळीत "क" होतं. त्यानं आधी कार्डाकडे पाहिलं, मग शेजारच्याकडे, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला आणि हळूच म्हणाला, "ब."

नंतर मी सगळं उलगडून सांगितलं, त्याची माफीही मागितली. (हल्ली हे असं न विचारता करणं मला पटत नाही. त्याचे कान लाल झालेले मला अजून दिसतात.) तो म्हणाला, "मॅडम, मला 'क'च दिसत होतं. पण सगळ्यांनाच 'ब' दिसतंय म्हटल्यावर वाटलं, नंबर वाढला असेल."

नंबर वाढला असेल! बहुमताच्या दबावाची याहून नेमकी व्याख्या मला एकाही पुस्तकात सापडली नाही. त्याला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी हसलंही नव्हतं. त्यानं आपणहून स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला. काही जणांचं तेवढंही होत नाही. त्यांना पक्कं ठाऊक असतं की उत्तर 'क' आहे, पण वेगळं पडायला नको म्हणून 'ब' म्हणतात. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. गच्चीवरच्या सतरा हातांतही दोन्ही जातींचे हात असणार. मोजणाऱ्याला ते कसं कळणार?

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१४ला, बैठक संपताना बाई पुन्हा म्हणाल्या, "मला एक सुचवायचंय. यंदा बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायकांना बोलवू या." तेच वाक्य, तोच स्वर. सोळा विरुद्ध एक, एक जण माहेरी गेली होती. २०१५ला परत तेच. तोवर आमच्यात चेष्टा सुरू झाली होती. त्या जिना चढताना दिसल्या की कुणीतरी "आल्या समाजसुधारक" म्हणायचं. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्या पुण्याला आपण नावं ठेवतो. आगरकर तर आमच्या बाजूचे, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. आमच्या जिन्यातही तेच चाललं होतं, फक्त तिरडी नव्हती.

बाईंचं एक मात्र होतं. त्या चिडल्या नाहीत. वर्गणी पहिली त्यांची यायची. हळदीकुंकवाला त्या यायच्या, वाण घ्यायच्या, उखाण्यांना टाळ्या वाजवायच्या. आणि कार्यक्रम झाला की तिळगुळाची पुडी घेऊन आमच्या दाराशी. "आजी आहेत का?" मग अर्धा तास सासूबाईंपाशी बसायच्या, त्यांच्या माहेरच्या तासगावच्या द्राक्षांपासून सुरू करून कुठंही. तशाच तळमजल्यावर, तशाच त्या बत्तिशीच्या मुलीकडे. मला उद्देशून एक टोमणा नाही. टोमणा मारला असता तर किती बरं झालं असतं! भांडून मोकळी झाले असते.

अॅशच्या पुढच्या धड्यात सर्ज मोस्कोविसी येतो. रुमानियातला ज्यू. तिथल्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे शाळेतून काढलेला, सक्तीच्या मजुरीवर राबवलेला, युद्धानंतर पॅरिसला गेलेला. त्याला प्रश्न पडला तो उलटा. बहुमतच जर सगळ्यांना ओढत असेल, तर जगात काही बदलतं कसं? त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये छापलेला प्रयोग रंगांचा होता. सहा जणींचा गट, सगळ्यांची रंगदृष्टी आधी तपासलेली. पडद्यावर छत्तीस निळ्या पारदर्शिका, फक्त उजेड कमीजास्त. सहापैकी दोघी पढवलेल्या; त्या प्रत्येक वेळी म्हणणार "हिरवा". उरलेल्या चौघींच्या उत्तरांत साडेआठ टक्क्यांच्या आसपास 'हिरवा' आलं. आकडा किरकोळ वाटतो. पण तुलनेच्या गटात, जिथं पढवलेलं कुणी नव्हतं, तिथं तो शून्यालाच टेकलेला होता. आणि त्याच दोघींनी कधी निळा, कधी हिरवा असं धरसोडीनं सांगितलं, तेव्हा परिणाम सव्वा टक्क्यावर आला. म्हणजे थोड्यांच्या हातात एकच हत्यार असतं. तेच ते, न बदलता, न चिडता म्हणत राहायचं.

या प्रयोगाचा शेवट मला जास्त आवडतो. नंतर त्याच बायकांना एकेकटं बसवून निळ्या-हिरव्याच्या सीमेवरचे रंग ओळखायला सांगितले. तर निळं कुठं संपतं आणि हिरवं कुठं सुरू होतं ही रेघच त्यांच्या मनात सरकली होती. गटात असताना ज्या एकदाही 'हिरवा' म्हणाल्या नव्हत्या, त्यांच्यात तर ती जास्तच सरकलेली. तोंडानं "हे काय भलतंच" म्हणणाऱ्यांच्या आत काहीतरी हललं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मोस्कोविसीच्या पुढच्या सगळ्याच प्रयोगांचे निष्कर्ष इतरांना तसेच मिळाले असं नाही, त्यावर वाद झाले. पण एवढ्यापुरतं मी त्याच्या बाजूची साक्षीदार आहे.

कारण २०१५च्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेच्या सुनेच्या बाळाचं बारसं होतं, इस्लामपूरला. पाळण्यात बाळ घालायची वेळ आली. बायका जमल्या, "घ्या कुणी गोविंद, घ्या कुणी गोपाळ" सुरू झालं. सासूबाई, म्हणजे त्या बाळाची पणजी, मागच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या, आपणहून, नेहमीसारख्या. मी आत गेले आणि म्हणाले, "आई, चला. पहिलं तुम्ही घालायचं." त्या म्हणाल्या, "वेडी का काय तू? मी कशाला?" मी हात धरून बाहेर आणलं. नणंद बघत राहिली. कुणी काही बोललं नाही. बाळ पाळण्यात गेलं.

मी हे का केलं, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. बाईंचा विचारसुद्धा मनात नव्हता. सहा महिन्यांपूर्वी मीच गच्चीवर हात वर केला होता, आणि सहा महिन्यांनी परत करणार होते, केलाही. स्पेनमधल्या मुलींवरचा एक अभ्यास मी नंतर शिकवायला घेतला, तेव्हा मला चटका बसला. गर्भपाताच्या बाजूनं लिहिलेला, थोड्या लोकांचं मत म्हणून दिलेला मजकूर त्यांनी वाचला. गर्भपाताबद्दलचं त्यांचं मत तसंच राहिलं. सरकलं ते गर्भनिरोधनाबद्दलचं, जे मजकुरात नव्हतंच. थोड्यांचं ऐकून आपण त्यांच्या दारातून आत जात नाही, शेजारच्या खिडकीतून जातो. दारातून गेलं तर लोकांना दिसतं ना. माझी खिडकी इस्लामपूरला होती.

२०१७च्या बैठकीचं आता. त्याच आठवड्यात वर्गात अॅशचा पुढचा भाग झाला होता. अॅशनं प्रयोगात दोन बदल करून पाहिले. पढवलेल्यांपैकी एकानं खरं उत्तर दिलं, तर वाहून जाणं चौथाईवर येतं. तो एक जण बरोबर असायचीही गरज नाही. इतरांपेक्षा वेगळंच काही चूक बोलला, तरी चालतं. एकजूट फुटली की पुरे. आणि उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायचं असेल, तर माणूस बराच सुटतो. हे मी मुलांना सांगत होते, आणि फळा पुसताना एकदम वाटलं, बये, तू चार वर्षं काय करत होतीस?

म्हणून बैठकीत, बाईंचं वाक्य झाल्यावर, मी म्हणाले, "यंदा चिठ्ठ्या टाकू या का? वेळ वाचेल." वेळ वाचेल! चिठ्ठ्यांना उलट जास्त वेळ लागतो, हे पोरालाही कळेल. पण "मला हात वर करायचा नाहीये" हे म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं, आजही कितपत असेल देव जाणे. कुणीतरी वहीचं पान फाडलं, एकोणीस तुकडे केले. हो किंवा नाही. पेन दोनच, त्यामुळे रांग लागली. प्रत्येक जण तळहाताआड लिहीत होती, दहावीच्या पेपरला लिहितात तसं. चिठ्ठ्या वाणाच्या रिकाम्या खोक्यात.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मोजल्या. नाही, दहा. हो, नऊ.

ठराव पडला. एका मतानं पडला. पण ती गच्ची मला अजून आठवते. कुणी उठेना. सगळ्या एकमेकींकडे बघतायत, आणि प्रत्येकीच्या तोंडावर एकच प्रश्न. बाई सोडल्या तर आठ कोण? मला त्यातली एकच माहीत होती. बाकीच्या सात जणींनाही प्रत्येकी एकच माहीत होती. म्हणजे आम्ही आठ जणी, आपल्याशिवाय हे कुणालाच नको, असं समजून वर्षानुवर्षं एकमेकींच्या भीतीनं हात वर करत होतो. त्यांतल्या किती जणी पहिल्यापासून 'हो'च्या होत्या आणि किती जणींची रेघ बाईंनी सरकवली, ते सांगता यायचं नाही. माझी सरकवली, एवढं मी सांगू शकते.

इथं एक आडवाट. नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात, १९५९ साली मुंबईत, ज्युरीनं आठ विरुद्ध एक असा निर्दोष म्हणून कौल दिला. बाहेर नानावटींसाठी लोक वेडे झाले होते. तो कौल न्यायाधीशांनी मानला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, शिक्षा झाली, वगैरे सगळ्यांना माहीत आहे. माझं मन त्या नवव्या माणसापाशी अडकतं. आपल्याकडे ज्युरीचं एकमत व्हायलाच हवं असं नव्हतं. एकमत लागत असेल तर त्या एकाशी बोलावं लागतं, त्याचं ऐकावं लागतं, उशीर झाला तरी. बहुमत पुरत असेल तर त्याला फक्त मोजतात आणि बाजूला ठेवतात. आम्हीही बाईंना चार वर्षं मोजलंच होतं. "का म्हणता असं?" हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे पिंपरीला राहायला गेल्या. निरोपाला आम्ही स्टीलचा डबा दिला.

पुढच्या संक्रांतीला, २०१८ला, काय झालं म्हणाल तर काहीच नाही. बैठकीत विषय निघाला नाही, हात नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. वर्गणी, तारीख, वाण. उठताना त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "निरोप सगळ्या घरी द्यायचा हं. सगळ्यांना." आणि चपला घालायला लागल्या. एकीनंही "म्हणजे?" असं विचारलं नाही. सासूबाईंना चालायचं नाही म्हणणाऱ्या त्याच वहिनी! त्यांच्या सासूबाई तेव्हा होत्याच की, ठणठणीत.

मला वाटलं, आता घरी जाऊन सांगितलं की आई खूश होतील. त्या म्हणाल्या, "मला नको गं ते. मी आपली बरी आहे इथं. लोक काय म्हणतील?" म्हटलं, "आई, लोकांनीच बोलावलंय." त्या टीव्हीचा आवाज वाढवून बसल्या. अॅशच्या प्रयोगातले पढवलेले लोक निदान प्रयोग संपल्यावर घरी जातात. सासूबाईंच्या डोक्यात ते पंचाहत्तर वर्षं मुक्कामाला होते. त्या वर्षी वर फक्त ती तरुण मुलगी आली, आणि तीही जिन्याशेजारच्या खुर्चीवर बसली, पटकन उठता येईल अशी.

सासूबाई २०१९ला आल्या. नेसायला त्यांनी मोतिया रंगाची साडी काढली, मग ठेवली, मग परत काढली. वर गेल्यावर हळदीकुंकवाचं तबक समोर आलं तशी त्यांनी मान मागं घेतली. तबक धरलेल्या मुलीनं क्षणभर थांबून नुसतं अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि तीळगूळ दिला. तो तोल त्या पोरीनं कुठून आणला, मला माहीत नाही. वाण चहाची गाळणी होती. सासूबाईंनी ती सगळ्यांच्या देखत ट्यूबलाइटकडे धरून बघितली आणि म्हणाल्या, "आता जाळी बारीक आहे."

मे २०२२मध्ये हेरवाडची बातमी आली. हेरवाड म्हणजे आमच्या शेजारचंच, शिरोळ तालुक्यातलं. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद, असा ठराव तिथल्या ग्रामपंचायतीनं केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सुचवलं. पेपरात आलं ते गाव आणि सरकार. पण त्याच्या आधी करमाळ्याकडचे प्रमोद झिंजाडे नावाचे एक गृहस्थ हा विषय घेऊन फिरत होते, आणि माझ्यामागं माझ्या बायकोवर असलं काही करू नये, असं त्यांनी स्टँपपेपरवर लिहून ठेवलं होतं. तेव्हा ऐकणाऱ्यांनी काय म्हटलं असेल, त्याची मला चांगली कल्पना आहे. आमच्या जिन्यात मी ते ऐकलंय, बोललेयसुद्धा. सासूबाई तेव्हा नव्हत्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या.

तर परवाचा तो 'परंपरेप्रमाणे'चा निरोप. लिहिणारी मुलगी चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, तिचा काय दोष? तिनं बघितलं तेव्हापासून असंच आहे. गंमत जुन्यांची. मी बैठकीत सहज म्हणाले, हे त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंमुळे झालं. तर एक म्हणाली, "कोण त्या? हां, त्या शाळेतल्या. त्यांचं काय त्यात?" दुसरी म्हणाली, "आपल्या बिल्डिंगमध्ये पहिल्यापासून असलं काही नव्हतंच." हे तिला मनापासून वाटत होतं. खोटं बोलणारा माणूस ओळखू येतो मला, चोवीस वर्षं कॉप्या पकडल्यात.

रात्री न राहवून बाईंना फोन लावला. सात वर्षांत दुसरा-तिसरा. त्यांना तो निरोप वाचून दाखवला. त्या खूप हसल्या. मग मी इतक्या वर्षांनी विचारलं, "दर वर्षी एकटं पडायचात, तुम्हाला काही वाटायचं नाही?"

"वाटायचं की," त्या म्हणाल्या. "बैठकीच्या दिवशी दुपारी जेवण जायचं नाही."

"आणि तिकडं पिंपरीला कसं काय?"

"इथं? इथं सध्या बावीस विरुद्ध एक."

म्हटलं, "बाई, चिठ्ठ्या टाकायला लावा."

"कसल्या चिठ्ठ्या, मॅडम. इथं सगळं मोबाइलवर. ग्रुपवर मतदान टाकतात, आणि कुणी कुठं बोट लावलं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं."